पावसाळ्यात लंगोट-दुपट्यांचा वास जात नसेल तर: बाहेर दोरी नसलेल्या फ्लॅटमध्ये काय तपासायचं

कपडे रोज धुतले जातात, साबणही बरा असतो, तरी जून लागला की बाळाच्या कपड्यांना वास सुटतो. मग साबण बदलतात, वासाचं कंडिशनर आणतात, जंतुनाशकाचं झाकणभर पाणी टाकतात. आठवडाभर बरं वाटतं आणि वास परत येतो. मुंबई, ठाणे, डोंबिवली, वसई पट्ट्यातल्या वन आरके आणि वन बीएचके घरांत हे दर पावसाळ्यात होतं. गॅलरी आत घेतलेली असते, खिडकीला सरकत्या काचा असतात आणि सोसायटी बाहेर कपडे घालू देत नाही. अशा घरांत साबणाचा दोष क्वचितच निघतो. कपड्यात पाणी फार राहतं, फार वेळ राहतं आणि ज्या हवेत ते जायला हवं तिथे आधीच जागा नसते. म्हणून खालची प्रत्येक तपासणी शेवटी पाण्यावर येते.

आधी वास ओळखा

कपड्याला वास येतो एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. कुठला वास येतो त्यावरून पुढचं अर्धं काम होतं.

कुबट वास, म्हणजे ओल्या पायपुसण्यासारखा. कपडा कोरडा असताना तो जाणवतही नाही. बाळाने शू केली किंवा घाम आला की पाच मिनिटांत येतो. हा हळू वाळण्याचा वास. २०१२ साली जपानी संशोधकांनी तो मोराक्सेला ऑस्लोएन्सिस या जिवाणूशी जोडून दाखवला. कपडा वाळला तरी हा जिवाणू धाग्यात तग धरून राहतो आणि ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतो. म्हणूनच हा वास धुऊन ‘गेला’ असं वाटतं आणि परत येतो.

नाकाला झोंबणारा, अमोनियाचा वास. लंगोट काढताना डोळ्यांत पाणी येईल इतका तीव्र. धुतलेल्या लंगोटात आधीच्या शूचा अंश उरलाय किंवा ओले लंगोट बंद बादलीत फार वेळ पडून राहिलेत.

खवट वास. हा मालिशीच्या तेलाचा. पंचा, अंगाखालचं दुपटं, टोपडं आणि झबल्याची मान इथे तो पहिल्यांदा येतो. तीळ, मोहरी आणि बदामाचं तेल खोबरेल तेलापेक्षा लवकर खवट होतं.

आंबट वास. दुधाची गुळणी. लाळेरी आणि झबल्याचा गळा हुंगा.

वासाशिवायची लक्षणंही बघा. लंगोट पापडासारखे कडक होतात. दुपटं पूर्वीसारखं शू शोषत नाही, ती वरून ओघळते. पांढऱ्या कापडावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात. कपाटामागची भिंत काळपट पडते. सकाळी खिडकीच्या काचेला आतून घाम येतो. बाळाच्या मांडीला नाडीच्या किंवा शिवणीच्या रेषेतच लाली उठते.

आता तपासण्या, फुकटच्या आधी.

१. धुण्याआधी आणि धुतल्यानंतर कपडे किती वेळ ओले पडतात?

लंगोट झाकणाच्या बादलीत साठवत असाल तर झाकण काढा. शूचा लंगोट तिथल्या तिथे साध्या पाण्यातून काढा, पिळा आणि जाळीच्या टोपलीत मोकळा टाका. बादलीच्या तळाशी पाणी साचून लंगोट त्यात बुडालेले राहिले की जिवाणू युरियापासून अमोनिया बनवत राहतात. शीचा लंगोट गार पाण्याच्या धारेखाली लगेच खंगाळा. गरम पाणी इथे उलटं काम करतं, कारण शी आणि दूध या दोन्हींतली प्रथिनं गरम पाण्याने धाग्याला पक्की बसतात आणि डाग कायमचा होतो.

दुसरा उशीर मशीन थांबल्यावर होतो. रात्री मशीन लावून कपडे सकाळी काढायचे, ही सवय पावसाळ्यात सोडायलाच हवी. बंद, कोमट, ओल्या ड्रममध्ये सहा-सात तास म्हणजे धुणं वाया. कपडे लगेच काढून झटकून वाळत घालता येतील अशाच वेळी मशीन लावा. एवढ्या एका बदलाने बऱ्याच घरांतला कुबट वास निम्म्यावर येतो, म्हणून हे चार दिवस करून बघा आणि मगच पुढे जा.

पाण्याने भरलेली बादली रांगत्या मुलाच्या घरात उघडी ठेवू नका. मूल वीतभर पाण्यातही बुडतं. भिजत घातलेलं काहीही बंद दाराआड ठेवा.

२. कपड्यात साबण उरतोय का?

एक धुतलेला, वाळलेला लंगोट घ्या. पातेल्यात साधं गरम पाणी घेऊन तो बुडवा आणि हाताने चोळा. पाणी गढूळ झालं किंवा फेस आला तर साबण धाग्यातच राहतोय. उरलेला साबण ओल धरून ठेवतो, कापड कडक करतो आणि बाळाच्या कातडीला चावतो. वास आला म्हणून आपण साबण वाढवतो आणि त्यामुळेच वास वाढतो.

हाताने धुताना दहा लिटर पाण्याला एक सपाट मोठा चमचा पावडर पुरते. मशीनमध्ये बाळाचे कपडे सहसा दीड-दोन किलोच असतात, म्हणजे अर्ध्याहून कमी भार. मग डब्यावर पूर्ण भारासाठी सांगितलेलं माप अर्धं करा. जास्तीचं खंगाळणं, मशीनवर एक्स्ट्रा रिन्स असतं ते, नेहमी चालू ठेवा. पंधरा मिनिटांचा झटपट प्रोग्राम लंगोटांसाठी वापरू नका. त्यात पाणी कमी आणि वेळ कमी.

कापड मऊ करणारं कंडिशनर लंगोट-दुपट्यांना घालूच नका. ते धाग्यावर चिकट थर धरतं, त्यामुळे कापड शोषत नाही आणि वासाचं मूळ आत तसंच राहतं. शेवटच्या पाण्यात रोज जंतुनाशक घालण्याची पद्धतही सोडा. त्याचा उरलेला अंश दिवसभर बाळाच्या अंगाला लागून राहतो.

३. पिळून झाल्यावर किती पाणी उरतं?

या सगळ्यात हीच तपासणी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच सगळेजण टाळतात. त्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा किंवा प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातकाटा पुरतो.

दिवसाचे कपडे कोरडे असताना एकदा तोलून घ्या. १८ लंगोट, ६ दुपटी आणि ६ झबली मिळून दीड किलोच्या आसपास भरतात. आता धुऊन पिळल्यावर तोला. हाताने पिळलेल्या सुती कपड्यात त्याच्या कोरड्या वजनाइतकं पाणी सहज उरतं, कधी त्याहून जास्त. म्हणजे दीड किलोचे तीन किलो. मशीनच्या मिनिटाला १००० फेऱ्यांच्या स्पिननंतर साधारण ६० टक्के उरतं, म्हणजे दोन किलो चारशे ग्रॅम. १४०० फेऱ्यांना ते ५० टक्क्यांवर येतं. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात पाऊण लिटर पाण्याचा फरक आहे. मशीन ते पाणी काही मिनिटांत काढतं. तेच तुमच्या हॉलच्या हवेतून काढायला पंख्याचे कित्येक तास जातात.

म्हणून हाताने धुवा, मोरीत धुवा, कुठेही धुवा, पण पिळणं मशीनमध्ये करा. जुन्या सेमी ऑटोमॅटिकचा बाजूचा स्पिनर या कामाला उत्तम आहे, त्याच्या फेऱ्या बऱ्याच टॉप लोडपेक्षा जास्त असतात. पूर्ण ऑटोमॅटिक असेल तर फक्त स्पिनचा प्रोग्राम निवडून कपडे दोनदा फिरवा. झबली-लंगोटांसाठी ‘बेबी’ किंवा ‘डेलिकेट’ प्रोग्राम लावला असेल तर स्पिनचा आकडा बघून घ्या. तो बहुधा ४०० ते ८०० वर आलेला असतो, आणि कपडे ओले निघण्याचं कारण तिथेच सापडतं.

स्पिन सुरू होऊन मशीन परत परत थांबत असेल तर भार एका बाजूला गेलाय. चार लंगोटांबरोबर एक गोधडी टाकली की हे हमखास होतं. गोधडी वेगळी धुवा. लहान कपडे थोडे जास्त साठवून एकत्र फिरवा. मोजे, टोपडी आणि हातमोजे जाळीच्या पिशवीत घाला आणि लंगोटांच्या नाड्या आधी सैल बांधून घ्या. नाही तर सगळ्यांची एक गाठ होते आणि गाठीतलं पाणी निघत नाही.

४. हवा कुठून येते आणि कुठे जाते?

दहा बाय बाराची, साडेनऊ फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात सुमारे ३२ घनमीटर हवा असते. २८ अंशांना एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्के धरली तर खोलीतली सगळी हवा मिळून आणखी पावणेदोनशे ग्रॅम पाणीच घेऊ शकते. तुमच्या कपड्यांत आहे ९०० ग्रॅम ते दीड किलो. दारं-खिडक्या बंद करून नुसता पंखा लावला तर तीच भरलेली हवा गोल फिरते. म्हणून रात्रभर पंखा चालूनही सकाळी कपडे गारच लागतात.

यातून सुटायचे दोनच रस्ते आहेत. एक, हवा सतत बदला. एक खिडकी चार बोटं उघडी, समोरच्या टोकाला स्वयंपाकघराचा किंवा बाथरूमचा एक्झॉस्ट चालू आणि कपडे त्या दोघांच्या मधल्या वाटेवर. दोन, हवेतलं पाणी काढा, म्हणजे एसी किंवा डिह्युमिडिफायर, आणि त्या वेळी सगळं बंद. दोन्ही एकत्र करू नका. खिडकी उघडी ठेवून एसी ड्राय मोडवर चालवला तर तो बाहेरच्या पावसाची हवा कोरडी करत बसतो.

तीन-चारशे रुपयांत डिजिटल आर्द्रतामापक मिळतो, तो घ्याच. कपडे वाळत असताना आकडा ८५च्या वर चढत असेल तर हवा बदलत नाहीये. ६५-७० वर राहिला तर बरं चाललंय.

टांगण्याची पद्धत. दोन कपड्यांमध्ये चार बोटं अंतर हवं. पंखा कपड्यांच्या समोर ठेवू नका, तसा वारा पहिल्याच दुपट्यावर आपटून थांबतो. पंखा रांगेच्या टोकाला ठेवा म्हणजे वारा फटींमधून आरपार जाईल. दुपटं दांडीवर मधोमध दुमडून टाकलं की आतल्या दोन बाजू एकमेकींना चिकटतात, त्यामुळे ते चिमट्याने एका काठावर लावा. कोपरे, नाड्या आणि दुहेरी शिवण खालच्या बाजूला येऊ द्या. दोन तासांनी सगळे कपडे एकदा उलटे फिरवून झटका. एवढ्याने कडकपणाही कमी होतो, कारण न हलता वाळलेलं सुती कापड ताठच होतं.

छताची पुलीवाली दांडी छोट्या घरात सोयीची. गरम हवा वर असते आणि छताचा पंखा तिथून जवळ. पण ती सिमेंटच्या स्लॅबला फास्टनरने लागलेली हवी, फॉल्स सीलिंगला नाही. तिच्या लोंबत्या दोऱ्या बाळाच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर आकड्याला गुंडाळा. मानेभोवती अडकलेली दोरी फार थोड्या वेळात जीव घेते. दोऱ्यांजवळ पाळणा नको.

आणि बाळ झोपतं त्या खोलीत कपडे वाळत घालू नका. दुसरी खोलीच नसेल तर बाळ आणि आई जाग्या असताना, खिडकी उघडी ठेवून वाळवा. रात्री दांडी रिकामी ठेवा.

टेबलफॅन ५०-६० वॉटचा असतो. आठ तासांना अर्धा युनिटही लागत नाही, तेव्हा त्यात काटकसर करण्यात अर्थ नाही.

५. कपडाच तसा आहे का?

सगळा घोळ जाड लंगोटांचा असतो. चार-पाच थर शिवून केलेले तयार पॅड, बांबू किंवा हेम्पचे इन्सर्ट, रजईसारखी भरलेली दुपटी पावसाळ्यात दीड-दोन दिवस घेतात, आणि वास याच आतल्या थरांत राहतो. पावसाळ्यापुरते उघडून एकपदरी होणारे कपडे वापरा. मोठा चौकोनी मलमलचा किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा घडी घालून लंगोटासारखा बांधता येतो आणि वाळताना सगळा उलगडतो. पूर्वी घरोघरी जुन्या नऊवारीची बाळोती असायची. या हवेत त्यांच्याइतकं लवकर वाळणारं दुसरं काही नाही, आणि पैसेही लागत नाहीत. रात्री आणि बाहेर जाताना डिस्पोजेबल डायपर लावला तर रोजचे आठ-दहा लंगोट कमी होतात. पावसाचे तीन महिने हा शहाणपणाचा निर्णय आहे, त्यात कोणी अपराधी वाटून घेऊ नये.

६. बसलेला वास काढणं

वरचं सगळं सुधारल्यावरच हे करा. आधी केलंत तर दहा दिवसांत पुन्हा तिथेच याल.

कुबट आणि अमोनियाच्या वासाला सोडियम परकार्बोनेट, म्हणजे पावडरमधलं ऑक्सिजन ब्लीच, चांगलं लागू पडतं. निम्मं उकळतं आणि निम्मं नळाचं पाणी एकत्र केलं की तापमान साठ अंशांच्या आसपास येतं. अशा पाच लिटर पाण्यात एक मोठा चमचा पावडर विरघळवा, धुतलेले सुती कपडे त्यात तीन-चार तास बुडवून ठेवा आणि नंतर नेहमीसारखे धुऊन दोनदा खंगाळा. हातमोजे घाला. उरलेलं पाणी बाटलीत भरून ठेवू नका, त्यातून वायू सुटत राहतो आणि बंद बाटली फुटते. लोकर आणि रेशीम यात घालू नका. लंगोटाची वरची पाणी न गळणारी कव्हरंही नकोत. पूर्ण सुती, पांढरे लंगोट असतील तर पातेल्यात दहा मिनिटं उकळणं हाही जुना आणि खात्रीचा उपाय.

क्लोरीनचं ब्लीच, म्हणजे कपडे पांढरे करायचं ते द्रव, शूने भिजलेल्या लंगोटांवर थेट ओतू नका. अमोनियाशी मिसळून त्यातून विषारी वायू निघतो. व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाबरोबर मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं.

खवट वासाचे कपडे वेगळे धुवा. साठ अंशांचं पाणी आणि या वेळी नेहमीपेक्षा दीडपट पावडर. आधी तेलाच्या जागी भांड्यांचं लिक्विड चोळून वीस मिनिटं ठेवा. तेलकट पंचा लंगोटांबरोबर टाकला तर तेल सगळीकडे पसरतं आणि मग लंगोट शोषेनासे होतात. मालिशीसाठी दोन जुने पंचे कायमचे वेगळे ठेवणं सगळ्यांत सोपं. तेलाचा वास राहिलेला पंचा गरम ड्रायरमध्ये कधीच घालू नका. तेल मुरलेलं कापड गरम असताना ढीग करून ठेवलं तर आपोआप पेट घेऊ शकतं.

काळे ठिपके ही बुरशी. ब्लीचने फिकट होतात, पण धाग्यात शिरलेली बुरशी सहसा पूर्ण जात नाही. असं दुपटं बाळासाठी वापरू नका, पुसायला घ्या.

७. मशीन

फ्रंट लोड असेल तर दाराच्या रबराची घडी बोटाने उलगडा. आत काळा बुळबुळीत थर, केस आणि हमखास एखादा बाळाचा मोजा सापडतो. तो थर प्रत्येक धुण्याला कपड्यांना लागतो. फडक्याने पुसा. खालच्या कोपऱ्यातल्या झाकणामागचा फिल्टर मशीन बंद करून, खाली ताट आणि फडकं ठेवून उघडा. तो तुंबला की पाणी पूर्ण निघत नाही आणि स्पिन अर्धवट होतो. टॉप लोडमध्ये धाग्यांची जाळीची पिशवी रिकामी करा, फाटली असेल तर बदला. पावडरचा खण बाहेर काढून धुवा. मग रिकामं मशीन सर्वांत गरम प्रोग्रामवर, ड्रम साफ करायची पावडर घालून एकदा चालवा. धुणं नसेल तेव्हा दार थोडं उघडं ठेवा. रांगतं मूल असेल तर दार उघडं ठेवताना चाइल्ड लॉकवर विसंबू नका, त्या जागेलाच अडसर लावा.

८. पाणी जड आहे का?

मुंबई महापालिकेचं तलावाचं पाणी हलकं असतं. पण टँकर किंवा बोअरिंगच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतींत ते जड असू शकतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. अर्धी बाटली पाणी, त्यात अंगाच्या साबणाचा चुरा, झाकण लावून जोरात हलवा. फेसाऐवजी वर दह्यासारख्या कण्या तरंगल्या तर पाणी जड. अशा पाण्याला साबणाची वडी लंगोटांना वापरू नका, डिटर्जंटच घ्या, आणि धुताना पाच लिटरला एक चहाचा चमचा धुण्याचा सोडा घाला. तो सोडा नीट खंगाळून निघाला पाहिजे, म्हणून इथे तिसरं पाणी हवंच.

९. वाळलं म्हणजे खरंच वाळलं का?

हाताच्या तळव्याला ओल कळत नाही. शिवण, नाडी आणि काठ गालाला लावा. गार लागलं तर ओल आहे. शंका असेल तर पुन्हा तोला, कोरड्या वजनावर आलं की वाळलं. इस्त्री शेवटची ओल काढायला चांगली, पण ओल्या दुपट्यावर फिरवलेली इस्त्री ते वाळवत नाही, वरचा थर गरम करते आणि आत वाफ कोंडते. इस्त्रीनंतर कपडा दहा मिनिटं मोकळा टाका, मगच घडी करा.

कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवू नका. हे ठळकपणे सांगायला हवं, कारण बाळंतविड्याचे आणि मोठ्या भावंडाचे जपून ठेवलेले कपडे बहुतेक याच गोळ्यांत ठेवलेले असतात. काही बाळांमध्ये जन्मजात जी-६-पीडी या विकराची कमतरता असते. या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या वाफांनी त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि तीव्र कावीळ होते. अशा कपड्यांना वारा द्या, धुवा, वास पूर्ण गेल्याशिवाय घालू नका. ओल शोषायच्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या कपाटात चालतात, पण त्यात साठणारं पाणी मुलाच्या हाती लागता कामा नये.

धुरीवर, गॅसच्या शेगडीवर, रूम हीटरवर कपडे वाळवू नका. फ्लॅटच्या बंद खोलीत धूर आणि कार्बन मोनॉक्साइड बाळाच्या श्वासात जातो, आणि एक दुपटं घसरलं तरी आग लागते.

१०. आता पैसे खर्च करायचे का?

इथवर सगळं करूनही कपड्यांना बारा तासांवर वेळ लागत असेल, तर हो. घरात एसी असेल तर आधी तोच वापरा. ड्राय मोडवर, दार बंद, कपडे वाऱ्याच्या वाटेत. बाहेर येणारं पाणी बादलीत मोजा, म्हणजे काय मिळतंय ते दिसेल. डिह्युमिडिफायर घेताना कॉम्प्रेसरचा घ्या, दिवसाला दहा-बारा लिटर क्षमतेचा. कंपनीचा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचा असतो, आपला पावसाळा त्याच्या जवळपासच आहे, म्हणून इथे तो खरंच काम करतो. ऑनलाइन दिसणारी छोटी, आवाज न करणारी, दिवसाला तीन-चारशे मिलिलिटर पाणी काढणारी यंत्रं फार तर एका कपाटाला पुरतात. ती घेऊ नका.

ड्रायर घेताना गरम वाफ पाइपने बाहेर सोडणारा प्रकार असेल तर तो पाइप खिडकीबाहेर जायलाच हवा. हॉलमध्ये सोडला तर सगळं पाणी परत भिंतींवर. बाहेर सोडायला जागा नसेल तर कंडेन्सर किंवा हीट पंप, म्हणजे वाफेचं आतच पाणी करणारे प्रकार. हीट पंप महाग, पण वीज बरीच कमी खातो आणि कापड कमी तापवतो. दर वेळी धाग्यांची जाळी साफ करा, तिथूनच ड्रायरच्या आगी लागतात. फक्त तीन महिन्यांचा प्रश्न असेल तर गोधड्या आणि जाड दुपटी किलोच्या भावाने वाळवून देणाऱ्या लाँड्रीत द्या. त्यांना कंडिशनर घालू नका असं बजावून सांगा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

मशीन: फिल्टर साफ आहे, भार सारखा आहे, तरी स्पिन होत नाही किंवा विमान उडाल्यासारखा आवाज येतो. पंप किंवा बेअरिंग असेल, मेकॅनिकला बोलवा. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी मेन स्विच बंद करा. अर्थिंग बघायला इलेक्ट्रिशियन येईपर्यंत त्याला हात लावू नका.

भिंत: काळपट भाग कोरडा पुसून फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि एक दिवस थांबा. प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला दव असेल तर ती खोलीतल्या हवेची ओल, म्हणजे चौथ्या तपासणीकडे परत जा. भिंतीकडच्या बाजूला असेल तर पाणी भिंतीतून येतंय. त्यावर पंखा आणि रंग लावून काही होत नाही. सोसायटीला लेखी कळवा आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला दाखवा.

गॅस गिझर: बाथरूममध्ये असेल तर तिथे कपडे वाळत घालून झरोका किंवा एक्झॉस्ट झाकू नका. ज्योत पिवळी दिसली, आंघोळीत डोकं जड झालं, चक्कर आली तर गिझर बंद करा, बाळाला घेऊन बाहेर मोकळ्या हवेत या, आणि डोकं जड झालं किंवा चक्कर आली असेल तर बाहेर बरं वाटलं तरी दवाखाना गाठा. गिझर तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.

बाळ: कपडे सुधारूनही लाली दोन-तीन दिवसांत ओसरत नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. जांघेच्या घडीत लालभडक चट्टा आणि त्याच्या भोवती सुटे लाल दाणे असतील तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. त्याला औषधच लागतं, धुण्याची पद्धत बदलून तो जात नाही. फोड, पू किंवा रक्त दिसलं तर वाट बघू नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप असेल, किंवा डांबर गोळ्यांतले कपडे घातल्यावर अंग पिवळं-फिकट दिसू लागलं, लघवी गडद झाली, तर त्याच तासाला रुग्णालयात न्या आणि कपडे कशात ठेवले होते ते डॉक्टरांना सांगा.